टोलच्या बाजूची सीट

आई गेल्यानंतरच्या त्या वर्षात आमच्या घरी रोज संध्याकाळी फ्रान्सवर ताटं मांडली जायची. टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरातलं जेवणाचं टेबल सहा माणसांचं आणि आम्ही उरलो होतो दोघं, बाबा आणि मी. बाकीच्या जागेत नकाशा पसरलेला असे. इंग्लंडचा खालचा भाग, फ्रान्स आणि अख्खं स्पेन, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. तो आईनं इंग्लंडमध्ये, लेस्टरला, घेतला होता. बाबा तेव्हा तिथल्या प्रोजेक्टवर होते आणि मी बालवाडीत. फोनमध्ये सगळे रस्ते असताना हे पांघरूण कशाला, असं बाबांनी विचारलं होतं म्हणे. त्यावर आई म्हणाली होती, फोनमध्ये पुढचं वळण दिसतं, मला सगळा रस्ता एकदम पाहायचा आहे. बोर्डोच्या आसपास हळदीचा एक डाग होता, तो तिच्याच हातचा. जेवताना नकाशा गुंडाळून ठेवायचं माझ्या कधी मनात आलं नाही. मी ताट सरळ फ्रान्सवर ठेवायचे आणि बाबा वाटी उचलून खालचा रस्ता बघायचे.

आई नागपूरची, बाबा पुण्याचे. आमटीत गूळ घालायचा की नाही यावर माझं सगळं लहानपण गेलं. लेस्टरला शेजारी एक म्हातारी बाई राहायच्या, त्यांनी आईला सांगितलं की दक्षिण स्पेनमध्ये, सेव्हिलला, रस्त्यांच्या कडेनं संत्र्यांची झाडं असतात, हिवाळ्यात फळं फुटपाथवर पडतात आणि कडू असतात म्हणून कोणी उचलत नाही. नागपूरच्या बाईला ही गोष्ट झोंबली. "संत्री रस्त्यावर पडून राहिली अन् लोक वरून चालून राहिले? कडू असली म्हणून काय झालं, लोणचं घालता येते ना!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही दुकानात संत्री दिसली की ते आधी ऐकू येतं. विमानानं नाही जायचं, गाडीनं जायचं, असंही तिनं तेव्हाच ठरवलं. गाडी ती लेस्टरलाच शिकली होती आणि बाबांपेक्षा कितीतरी चांगली चालवायची. बाबा गाडी अशी चालवायचे की मागच्याला वाटावं, काका पत्ता विसरले.

ठरलं, आणि बाबांची बदली टेक्सासला झाली. आधी अर्विंग, मग प्लेनो. इथे आम्ही कामाच्या व्हिसावर. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना पासपोर्टवर नवा शिक्का लागतो आणि तो मिळेलच असं कोणी छातीठोक सांगत नाही. बाबांचे एक मित्र बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेले आणि तिथेच अडकले. इकडे त्यांची बायको, घर, मुलांची शाळा सगळं टांगणीला. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक गोष्टीच्या आधी "ग्रीन कार्ड आलं की" असे शब्द यायचे. ग्रीन कार्ड आलं की स्पेन. आई नकाशा काढायची, एखादा मुक्काम बदलायची, परत घडी घालायची. मग ती आजारी पडली आणि एका उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत संपली. त्या महिन्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. मला अजून जमत नाही.

दहाव्याचे विधी आमच्या बॅकयार्डमध्ये झाले. फेब्रुवारीतली कोरडी थंडी, पिवळं पडलेलं गवत, आणि बाबा उघड्या अंगानं सोवळं नेसून काकडत उभे. यातल्या कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्यांची थोरली बहीण, माझी नंदाआत्या, अ‍ॅशबर्नहून आली होती आणि तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. त्यांनी भाताचे पिंड मांडले आणि आम्ही मागे सरलो. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही असं समजायचं. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलं आहे. मग जवळच्यांनी एकेक वचन द्यायचं, जे मनातलं असेल त्याला कावळा येतो. हे मला आत्यानंच त्या सकाळी सांगितलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते.

कुंपणावर पाच-सहा पक्षी येऊन बसले. काळे, चकचकीत, लांब शेपटीचे, पिवळ्या डोळ्यांचे.

"आले बघ कावळे," आत्या म्हणाली.

"आत्या, दे आर नॉट क्रोज. दे आर ग्रॅकल्स," मी म्हटलं. टेक्सासमध्ये वाढलेल्या कुठल्याही मुलाला हे कळतं.

"काळे आहेत ना? मग झालं तर. इथले कावळे असेच असतील." आणि ती त्यांच्याकडे बघून हात जोडून बोलायला लागली. "वैजू, सईची काळजी करू नकोस गं. तिला मी माझ्या पोटच्या पोरीसारखी बघेन." पक्षी हलले नाहीत. "सुहासच्या खाण्यापिण्याची आबाळ होऊ देणार नाही." नाही. "तुझ्या आईला नागपूरला भेटून येईन." एका पक्ष्यानं मान वाकडी करून पाहिलं, बस. बराच वेळ गेला. गुरुजी हळूच म्हणाले, "सोय आहे तशी. दर्भाचा कावळा करून शिववता येतो. बऱ्याचदा इकडे तसंच करतात."

"थांबा," बाबा म्हणाले. दहा दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. ते कुंपणाकडे दोन पावलं गेले. "वैजू, मी तुला स्पेनला घेऊन जातो. लेस्टरपासून सेव्हिलपर्यंत, गाडीनं, ठरलं होतं तसं. मी चालवतो."

एक पक्षी उडी मारून खाली आला, गवतावरून टणाटण चालत गेला आणि पिंडाला चोच लावून भात घेऊन उडाला. "शिवला!" आत्या ओरडली आणि रडायला लागली. बाबा होते तिथेच गवतावर खाली बसले.

पुढे मी पक्ष्यांबद्दल थोडंफार वाचलं. ग्रॅकल काय, समोर अन्न दिसलं की तो कधीतरी येणारच. पार्किंगमधली फ्रेंच फ्राय तो तुमच्या हातातून नेईल. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी त्या दिवसानंतर मी त्यांना घाबरायला लागले. संध्याकाळी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ते शेकड्यांनी येतात, तारांवर, दिव्यांच्या खांबांवर, गाड्यांच्या टपांवर, आणि न तेल घातलेल्या बिजागरीसारखे ओरडतात. मी कोथिंबिरीची पिशवी छातीशी धरून गाडीपर्यंत पळायचे. मला वाटायचं ते विचारताहेत, कधी जाताय? वचन दिलं आहे आणि जात नाही, म्हणजे आई इथेच कुठेतरी अडकून पडली आहे. घरात, गॅरेजमध्ये, या पार्किंगमध्ये. संध्याकाळी शेजारच्यांच्या गॅरेजचं दार वर जायला लागलं की बाबा आणि मी दोघंही मान वर करायचो. तिच्या यायची वेळ ती. आम्ही एकमेकांकडे न बघता परत जेवायला लागायचो.

बाबा मात्र प्लॅनिंगला लागले होते. लोकांनी आणून दिलेले जेवणाचे अॅल्युमिनियमचे ट्रे संपले, मी पोहे, खिचडी, वरणभात करायला शिकले, आणि रोज जेवण झालं की लॅपटॉप उघडून नकाशावर बोट ठेवून ते मोठ्यानं बोलायचे. डोव्हरहून फेरी, कॅलेला उतरायचं, मग रूआं, तूर, बोर्डो, सॅन सबॅस्तियन, बुर्गोस, सलामांका, आणि खाली सरळ सेव्हिल. पोर्टस्मथहून एक जहाज थेट उत्तर स्पेनला नेतं हेही त्यांनी शोधलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, "काय गं, जहाजानंच गेलो तर? फ्रान्सचं ड्रायव्हिंग वाचेल."

मी ताटं उचलत होते. काही विचार न करता मी म्हणाले, "काहून? झोपूनच जायचं होतं तर विमान काय वाईट होतं?"

ते अगदी आईसारखं निघालं. 'का'च्या जागी तो नागपुरी 'काहून', तो शेवटचा हेल. बाबा हसले. हसता हसता डोळे पुसले, परत हसले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. ती गेल्यापासून त्यांना हसवणं कोणालाच जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तसंच पुन्हा बोलले. तिसऱ्या दिवशी बाबा वाट बघत होते.

एरवी मी कसली मराठी बोलायची? "बाबा, मी होमवर्क डन केलं, आय अ‍ॅम गोइंग टू मीराज हाउस," अशी. बाबांनी मराठीत विचारायचं, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, हा घरोघरचा रिवाज. पण जेवण झालं आणि नकाशा समोर आला की माझ्या तोंडातून सरळ नागपूर यायचं. "अगं, हॉटेलात कुकर लावू देतील का?" असं बाबा विचारायचे. "विचारतेच कोणाले? खिडकी उघडी ठेवायची अन् लावायचा." "बुर्गोसला थंडी फार असते म्हणतात." "मग तुम्ही घ्या तुमची ती माकडटोपी, मले नाही लागत." बाबा मान डोलवायचे आणि त्याप्रमाणे प्लॅन बदलायचे. आईला गाडी लागत नसे पण मागे बसली की डोकं धरायचं, म्हणून ती पुढे. मी मागे. इंग्लिश गाडीत ड्रायव्हर उजवीकडे, आणि फ्रान्समध्ये टोलचं मशीन डावीकडे येतं. "म्हणजे टोलचं तिकीट तुला घ्यावं लागणार हं," बाबांनी बजावलं.

"घेईन न. तुम्ही गाडी जवळ घ्या म्हणजे झालं. नाहीतर त्या दवाखान्याच्या पार्किंगसारखं करान, तिकिटासाठी दार उघडून खाली उतरा लागलं होतं मले, पोटुशी असताना."

बाबांचं बोट नकाशावर थांबलं. "हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मला आठवेना. आईनंच कधीतरी सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार? पण ती सांगते आहे असं एकही चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. फ्रिजच्या आइस मेकरमध्ये बर्फाचे तुकडे धडाधड पडले तेव्हा आम्ही दोघंही दचकलो. आज मी आई गेली त्या वयापेक्षा बरीच मोठी आहे आणि त्या वाक्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

हळूहळू ते नकाशापुरतं राहिनासं झालं. शाळेत लंचला माझ्या मैत्रिणीनं, मीरानं, काहीतरी विचारलं आणि मी "काहून?" म्हणाले, ती बिचारी गुजराती, बघतच राहिली. बाबांची औषधं संपली की ते मला आधी कळायचं. त्यांच्या शर्टाची कॉलर मी न बघता सरळ करायचे. आणि बाबा मला हाक मारेनासे झाले. "सई" असं ते म्हणतच नसत. "अगं" म्हणायचे, "ऐकलंस का" म्हणायचे. मी गणिताची टेस्ट कशी दिली, शाळेच्या बँडमधून नाव का काढलं, कोणी विचारलं नाही. मला भीती वाटत होती आणि मला ते हवंही होतं. मी बोलत होते तेवढा वेळ आई घरात होती. गप्प बसले तर घर रिकामं, आणि बोलत राहिले तर माझंच काय उरणार, हे मला त्या वयातही कळत होतं. थांबायचं कसं ते कळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ग्रीन कार्ड आलं. बाबांनी पाकीट उघडलं, बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आल्यावर आम्ही पिझ्झासुद्धा मागवला नाही. आता परत येण्याची भीती राहिली नव्हती. भारतीय पासपोर्टवर तिकडचे व्हिसा काढावे लागणारच होते, पण त्यासाठी आधी बुकिंग दाखवावं लागतं, आणि बुकिंग करायचं म्हटलं की बाबा एखादा मुक्काम बदलायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडायचे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, आत्या आली. शनिवारी सकाळी ती आंघोळ करून जिन्यावरून उतरत होती आणि मी स्वयंपाकघरात बाबांना चहा देत म्हणत होते, "सलामांकाले दोन रात्री काहाले? एक पुरे." आत्या दारात उभी राहिली. "वैजू?" ती म्हणाली, आणि मी वळून पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं माझा दंड धरून मला लाँड्री रूममध्ये नेलं, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन माझ्यावरून ओवाळल्या, आणि काय करावं न सुचून त्या ड्रायरवर ठेवल्या. मग मला तशीच सोडून ती बाबांकडे गेली. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येत होतं.

"सुहास, पोरीचं काय करून ठेवलंयस?"

"मी काय केलं? ती आपणहून बोलते. आम्ही प्लॅनिंग करतो, इतकंच."

"प्लॅनिंग! सहा-सात महिने झाले. जायचं असेल तर आज तिकीट काढ, नाहीतर हा नकाशा मी गुंडाळून घेऊन जाते. वर्ष व्हायच्या आत तिला मोकळी कर."

"कोणाला?"

"दोघींना," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फेरीचं पान उघडलं. संत्र्यांचा मोसम म्हणजे ख्रिसमसची सुट्टी, ती तारीख घातली. आत्या पोह्यांना फोडणी देत होती. मी त्यांच्या शेजारी बसले होते, आईच्या खुर्चीवर. हल्ली मी तिथेच बसायचे. प्रवासी किती, या चौकटीत त्यांनी सवयीनं तीन घातले. पहिलं नाव त्यांचं. दुसरं माझं. तिसऱ्या चौकटीत त्यांनी आईचं नाव टाइप केलं, अगदी पूर्ण, माहेरच्या नावासकट, आणि खाली पासपोर्टचा नंबर विचारलेला होता.

"अगं," बाबा म्हणाले, "तुझा पासपोर्ट कुठे ठेवलास?" आणि उत्तरासाठी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आत्याचा झारा थांबला. बाबांना वेड लागलं नव्हतं. मला आजही तसं वाटत नाही. ते फक्त एका माणसाला दिलेला शब्द पाळत होते आणि तिला मागे ठेवून तो पाळता येत नव्हता. मी तोंड उघडलं ते "बाबा, प्लीज स्टॉप" म्हणायला. शप्पथ सांगते, तेच शब्द माझ्या मनात होते.

"मले नाही यायचं," मी म्हणाले.

बाबा म्हणाले, "पण मी वचन दिलंय, वैजू."

"दिलं होतं न. तुम्ही पोरीले दाखवून आणा, मले पोचलं. मी थकली आता." आवाज शांत होता, शेवटच्या आठवड्यात असायचा तसा, जरा खोल. "टोलचं तिकीट सई घेते. हात लांब आहेत तिचे."

कढईतल्या मोहऱ्या करपल्याचा वास आला तरी कोणी हललं नाही. मग बाबा लॅपटॉपकडे वळले आणि आईच्या नावाचं एकेक अक्षर मागून पुसत गेले. आडनाव, मग मधलं नाव, मग वैजयंती. एकदम सगळं सिलेक्ट करून उडवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. शेवटी वर जाऊन त्यांनी तीनचे दोन केले.

"सई," ते म्हणाले. "पुढे बसशील ना?"

"येस, बाबा," मी म्हणाले. माझा आवाज इतका पोरकट आला की मलाच तो ओळखू येईना.

ते वाक्य कोणाचं होतं यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. माझंच असेल; घाबरलेल्या पोरीनं स्वतःला सोडवून घेतलं असेल. पण मला माझे हात लांब आहेत हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते आहेत. त्यानंतर नागपूरच्या कोणाशीही बोलताना मी मुद्दाम 'काहून' म्हणून पाहते. लोक हसतात, म्हणतात, शिकलेलं वाटतं.

आत्यानं करपलेले पोहे तसेच वाढले. डोळे पुसत, नाक ओढत ती म्हणाली, "सुटली बिचारी." मी मान हलवली. फेब्रुवारीत सगळे रडले तेव्हा मी रडले नव्हते, आणि शहाणी मुलगी म्हणून माझं कौतुक झालं होतं. आता मी समोरचं ताट बाजूला सारलं, नकाशावर डोकं ठेवलं आणि हुंदके देत रडले, कारण माझ्यापुरती आई आत्ता गेली होती, आणि मीच तिला जा म्हटलं होतं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते माझं नाव घेत राहिले.